हसविणारी गायिका
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना शुद्धलेखन घातलेला मास्तर. संगीतशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि ज्या गायिका-अभिनेत्रीमुळे मला माझी एक चूक उमगली, त्या कीर्ती शिलेदार यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

जयराम व जयमाला शिलेदार या विख्यात नटदांपत्याच्या पोटी १९५२ साली त्यांचा जन्म झाला. संगीत नाटक हेच त्यांचे घर. 'एकच प्याला'तील सोशिक सिंधू, 'स्वरसम्राज्ञी'तील अवखळ मैना आणि 'संशयकल्लोळ'मधील मानी रेवती या तिन्ही भूमिका एकाच कंठातून उभ्या राहिल्या, यातच त्यांची थोरवी दिसते.

देवलांचे 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीतरूपाने रंगभूमीवर आले, तेव्हा रेवती बालगंधर्वांची होती. एका तसबिरीवरून सारा घोटाळा होतो. प्रेक्षकांना खरे काय ते ठाऊक असते, रेवतीला नसते. म्हणून तिचा संताप मनापासूनचा हवा. ती स्वतः हसली की प्रेक्षकांचे हसू थांबलेच! शिवाय रागाने बोलता बोलता पद सुरू करावयाचे, सुरात रुसवा आणावयाचा आणि लय मात्र रेसभरही ढळू द्यावयाची नाही. रडविण्यापेक्षा हे काम अवघड आहे.

आता माझी चूक सांगतो. १९७९ साली आमच्या गावच्या संमेलनात माझ्या धाकट्या बहिणीला रेवतीची भूमिका मिळाली होती. पदे पाठ झाली होती. मी नुकताच नोकरीस लागलेला, कर्तेपणाच्या तोऱ्यात होतो. "नायकिणीच्या मुलीचे सोंग घेऊन आपल्या घरची मुलगी चारचौघांना हसविणार काय?" असे म्हणून मी तिला घरी बसविले. सिंधूची भूमिका असती, तर कदाचित नाही म्हटले नसते. मुलीचे अश्रू आम्हांस शोभिवंत वाटत. तिचे हसविणे मात्र खटके.

पुढे काही वर्षांनी पुण्यास कीर्तीताईंची रेवती पाहिली. शेजारी बहीण होती. सारे नाट्यगृह हसत होते. ती मात्र ओठांतल्या ओठांत प्रत्येक पद म्हणत होती. एकही शब्द ती विसरली नव्हती. त्या रात्री माझी मान खाली गेली, ती अजून पुरती वर झालेली नाही.

२०१८ साली कीर्तीताईंनी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २२ जानेवारी २०२२ रोजी त्या निवर्तल्या. आज सायंकाळी याच व्यासपीठावर माझ्या बहिणीची नात रेवतीचा प्रवेश करणार आहे. तो शिकविला तिच्या आजीनेच.

आपले मंडळ गुणपत्रिका पाहून पारितोषिके देते, ते योग्यच आहे. त्यांत गायन-अभिनयाचे एक पारितोषिक वाढवावे. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहे. पारितोषिकास माझे नाव नको, बहिणीचे द्यावे.