निवृत्तीचे सुख आणि त्याचे वाटेकरी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



निवृत्तीनंतरच्या जीवनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर अध्यापनाची पदविका. उभी हयात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून गेली. तेव्हा पांडित्याचा आव न आणता अनुभवले तेवढेच निवेदन करतो.

शिक्षकाच्या निवृत्तीचे नियत वय 58. आम्ही 53 व्या वर्षीच सेवा सोडली. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यांत 20 वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होण्याची सोय आहे. तिचा लाभ घेतला. तेरखेड्यात बातमी फुटताच कोणी प्रकृतीची चौकशी केली, कोणी विचारले, "गुरुजी, वरिष्ठांशी काही बिनसले काय?" यांपैकी काहीच नव्हते. घरी ऐंशी ओलांडलेली आई होती. तिला दृष्टी कमी झाली होती आणि दिवसभर कोणीतरी बोलावयास हवे होते. पाच वर्षांचा पगार मोठा, की आईची उरलेली वर्षे मोठी, एवढाच प्रश्न होता. पुढे ती तीन वर्षे जगली. त्या तीन वर्षांत तिच्या तोंडून घराण्याचा, गावाचा, निजामी अमदानीचा जो इतिहास ऐकला, तो कोणत्याही पुस्तकात आम्हांस सापडला नसता.

लवकर निवृत्त होणे ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. दि. 31 जानेवारी 2020 रोजी भारत संचार निगमातील सुमारे 78 हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांत पन्नाशी नुकतीच ओलांडलेलेही होते. हाती पैसा आला, पण सकाळी दहा वाजता जावयाचे कोठे, हा प्रश्न अशा प्रत्येकापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर कोणत्याही शासननिर्णयात मिळत नाही.

प्रथम पैशाविषयी. निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण केले म्हणजे एकरकमी पैसा मिळतो, परंतु तेवढा भाग दरमहा कमी होतो आणि तो पूर्ववत होण्यास 15 वर्षे लागतात. ही रक्कम हाती पडताच लग्नकार्याचा थाट, घराचा मजला, मुलाचे दुकान अशा मागण्या दारात उभ्या राहतात. आमचे सांगणे इतकेच, की पतिपत्नींच्या औषधपाण्याचा वाटा आधी बाजूस काढावा आणि मग उदार व्हावे. हात पसरण्याची वेळ आलेल्या बापाला घरात मान राहणे कठीण असते.

दुसरी गोष्ट घराची. निवृत्त शिक्षकास घर म्हणजे वर्ग आणि सुना-नातवंडे म्हणजे विद्यार्थी भासू लागतात. हा मोह आवरावा. त्याहून महत्त्वाचे असे, की आपण निवृत्त झालो तरी आपले कुटुंब निवृत्त होत नाही. चाळीस वर्षे पहाटे उठणाऱ्या त्या माउलीच्या कामात उलट आपल्या दोन जादा चहांची भर पडते. आमच्या घरी सकाळचा चहा, गिरणी, बाजार आणि नातवाला शाळेत पोहोचविणे ही कामे आता आमच्याकडे आहेत. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेस जाताना ही बाई मागे चुलीची काळजी न ठेवता निघते, हे पाहून जे समाधान होते ते पहिल्या पगाराच्या दिवशीही झाले नव्हते.

तिसरी गोष्ट जुन्या सहकाऱ्यांची. आम्ही सात जण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणा एकाच्या घरी जमतो. आमचे संबंध केवळ हजेरीपटावरचे नव्हेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा याद्या आणि वाटपाची कामे आम्ही खांद्याला खांदा लावून केली. दुखण्यांच्या गप्पांना पंधरा मिनिटे, मग बंद, असा आमचा नियम आहे. उरलेल्या वेळात कामे होतात. नोव्हेंबरात वृद्ध सोबत्यांना हयातीच्या दाखल्यासाठी नेणे हे त्यांतील एक. एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतन सेवापुस्तकातील व आधार कार्डावरील नाव जुळत नाही म्हणून अडले होते. चार खेपा घालून ते सुरू झाले, त्या दिवशी सातही जणांनी पेढा खाल्ला. त्यांपैकी तिघांना मधुमेह आहे!

आणि वेळ अमावास्येस, आपल्याकडील येळवशीस, हे सारे सोबती सहकुटुंब आमच्या शेतात येतात. कडब्याच्या कोपीपुढे पूजा होते आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील यांची पंगत बसते. त्या पंगतीत आपल्या ज्ञातीचे आम्ही दोघेच, बाकी पाच जण निरनिराळ्या समाजांचे. ज्ञातीच्या व्यासपीठावर हे मुद्दाम सांगतो. संघटना असावी, तिने विद्यार्थ्यांना आधार द्यावा, परंतु म्हातारपणी मध्यरात्री हाकेस ओ देणारा शेजारी आणि सोबती कोणत्या ज्ञातीचा, हे कोणी विचारीत नाही.

सर्वांनी मोठी कार्ये उभारावीत असे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे 1914 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले, 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले. ते हिमालय होत, आपण बालाघाटच्या टेकड्या. पण टेकडीवरही पाऊस पडतो आणि खाली ओढा वाहतो.

शेवटी तरुण शिक्षकांस एक शब्द. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांना आमच्यासारखे निवृत्तिवेतन नियमाने मिळाले नाही. त्यासाठी मार्च 2023 मध्ये संप झाला, पुढे शासनाने काही पर्यायही दिले. तेव्हा "आमच्यासारखे लवकर निवृत्त व्हा" असा उपदेश आम्ही करणार नाही. आमची स्वस्थता ज्या आधारावर उभी आहे तो तुम्हांस तसाच लाभलेला नाही, हे जाणूनच बोलले पाहिजे. तुम्ही हिशेब नीट करा. मात्र एक शिल्लक आजपासून साठवा, ती म्हणजे माणसांची. आईबापांजवळ बसण्यास आणि सोबत्याच्या घरी जाण्यास निवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.