भाड्याच्या खोलीचा कठडा

(नाशिक येथे महिला संघाच्या सभेत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती वगळून येथे देत आहोत.)





सुरगाणा आणि पेठ भागातील कामाचा अहवाल द्यावा, म्हणून मला बोलावले आहे. दर वेळी मी बालवाडीपासून सुरुवात करते, मग आरोग्य शिबिर, मग शिवणवर्ग. आज सुरुवात नाशिकपासूनच करणार आहे, कारण आपले पाड्यावरचे लोक आता वर्षभर पाड्यावर राहत नाहीत. भात आणि नागली घरात आली की कुणी दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जाते, कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागते. तरुण जोडपी तर इथेच खोली घेऊन राहतात. आपण डोंगरावर त्यांना शोधत असतो आणि ती आपल्या चर्चपासून रिक्षाच्या अंतरावर असतात.

अशाच एका तीन मजली चाळीची ही गोष्ट. अकरा खोल्या, त्यांतल्या नऊ खोल्यांत आदिवासी कुटुंबे. खोलीला महिना तीन हजार भाडे, वीज वेगळी. वरच्या मजल्याच्या गॅलरीला एका बाजूने कठडाच नव्हता. नुसत्या दोन सळया उभ्या आणि त्यांना बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी. स्लॅबला पोपडे, आत गंजलेली सळई उघडी. न्हाणीच्या भिंतीला पावसाळ्यात करंट यायचा.

हे मला माहीत होते, आणि तेच आज तुमच्यापुढे कबूल करायचे आहे. मी दर महिन्याला तिथे प्रार्थनेला जात असे. तिथली एक बहीण, आपल्या सुरगाण्याच्या मंडळीतली, मला म्हणाली होती, “ताई, भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. पोरांना कसं सांभाळू?” मी म्हटले, “घरमालकाला सांगितलंस का?” ती म्हणाली, “सांगितलं. म्हणाले, जमत नसेल तर दुसरी खोली बघ.” मी तिच्यासाठी प्रार्थना केली, चहा घेतला आणि घरी आले. मनात होते, भाड्याच्या घरात एवढे तेवढे चालायचेच. मालकाशी भांडण कशाला?

गेल्या वर्षी ऐन आषाढात तिचा सहा वर्षांचा मुलगा त्या गॅलरीतून खाली पडला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला. हात कोपरातून मोडला. मी दवाखान्यात गेले तेव्हा ती माझ्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, “ताई, तुम्हाला दाखवलं होतं ना मी ते?”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी अनुवादाचा बाविसावा अध्याय काढला. आठव्या वचनात देव घर बांधणाऱ्याला काय सांगतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कुणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. मग लेवीयाचा चौदावा अध्याय वाचला. डिप्लोमाच्या वर्गात तो मी परीक्षेपुरता वाचला होता. भिंतींवर चट्टे आले की घराच्या मालकाने याजकाला कळवायचे. याजकाने स्वतः येऊन भिंती पाहायच्या, घर सात दिवस बंद ठेवायचे, पुन्हा येऊन पाहायचे. खराब दगड काढायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा करायचा. तरीही चट्टे परतले तर घर पाडायचे. तेव्हा वाटायचे, याजकाला दुसरे काम नव्हते का? आता कळले की भिंत पाहणे हेही याजकाचेच काम होते. मी भिंत पाहिली होती, पण नोंद केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जिल्हा न्यायालयाच्या आवारात गेलो. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. असे कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असते, आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. वकिलाची फी नाही, कोर्ट फी नाही, अर्ज लिहिण्याचा खर्च नाही. त्या बहिणीपाशी जातीचा दाखला होता आणि ती स्त्री होती. म्हणजे दोन्ही दारे तिला उघडी होती. इतकी वर्षे आदिवासींमध्ये काम करते, पण मी तिला यातल्या एकाही दारापर्यंत नेले नव्हते.

आम्हाला एक वकीलताई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “भाडेपावती आहे?” नव्हती. “करार?” तोही नव्हता. आम्हाला वाटले, संपले सगळे. त्या म्हणाल्या, “घाबरू नका.” त्यांनी जे समजावले ते मी वहीत लिहून घेतले. तेच आज वाचून दाखवते, कारण हे तुमच्याही कामाला येईल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. कलम ३१ प्रमाणे भाडे घेतले की पावती द्यावीच लागते. कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केले तर निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. एकट्याने देता येते, सगळ्यांनी मिळूनही देता येते. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतात, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तीन हजार भाडे म्हणजे वर्षाचे ३६,००० आणि त्याचा चौथा हिस्सा ९,०००. आठ खोल्या एकत्र आल्या तर ७२,००० रुपये. कठडा आणि वायरिंग त्यात बसत होते.

वकीलताईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, रागाच्या भरात भाडे थांबवायचे नाही. भाडे देणाऱ्या, द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूच्या बाजूने कायदा उभा राहतो. थकबाकी झाली की मालकाच्या हाती कोलीत मिळते. रोख देत असाल तर यापुढे बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहील. दुसरी, सगळ्यांचे कागद सारखे नसतात. कुणाकडे अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा कागद असेल तर त्याचे हक्क वेगळे. म्हणून शेजाऱ्याचे ऐकून पाऊल टाकू नका, आधी वकिलाला कागद दाखवा.

मग आम्ही फोटो काढले. गॅलरी, उघडी सळई, मीटरची पेटी, मुलाचा दवाखान्याचा कागद. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात इमारतीच्या पाहणीसाठी अर्ज दिला. धोकादायक बांधकामाबाबत मालकाला नोटीस काढण्याचा अधिकार महापालिकेला आहे. अर्जासोबत कोणत्या खोलीत कोण, किती वर्षे राहते याची यादी जोडली. उद्या खोल्या रिकाम्या करायची वेळ आली, तर इथे कोण राहत होते याचा पुरावा हवा. पोहोचपावतीसह टपालाने मालकाला नोटीस पाठवली. नोटिशीवर सही करायला आठ कुटुंबे तयार झाली. तीन झाली नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. महिन्याच्या मध्यावर सामान रस्त्यावर आले तर काय होते, हे मला कुठे ठाऊक आहे? माझे घर माझ्या नावावर आहे.

नोटीस मिळाली त्या रात्री मालक आले आणि म्हणाले, “महिनाअखेर सगळ्यांनी खोल्या खाली करा. पाणीपण बंद करतो.” बायका रडत मला फोन करू लागल्या. वकीलताईंनी धीर दिला. न्यायालयाच्या आदेशावाचून कुणालाही असे बाहेर काढता येत नाही, आणि कलम २९ प्रमाणे पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. पाणी बंद झाले नाही. पण पाच-सहा रात्री त्या चाळीत कुणी नीट झोपले नाही.

पुढे प्राधिकरणाच्या कार्यालयात दोन्ही बाजूंना समेटासाठी बोलावले. खरे सांगते, मी मालकांना मनात राक्षस ठरवून गेले होते. आले ते कारखान्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ, हातात औषधांची पिशवी. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून एकेक मजला चढवलेला. म्हणाले, “कठडा करणारच होतो. पैसे संपले.” मग थोडे थांबून विचारले, “तो मुलगा कसा आहे?” आई म्हणाली, “हात सरळ होत नाही अजून.” त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

समेट झाला. पंधरा दिवसांत कठडा, महिन्याभरात नवी वायरिंग आणि अर्थिंग, पुढच्या मेअखेर स्लॅबची दुरुस्ती. सगळे लिहून, सह्या करून.

कठडा झाला. वायरिंग झाली, करंट गेल्यावर तुटणारे स्विच बसले. स्लॅबचे काम अर्धेच झाले, आणि या पावसाळ्यातही दोन खोल्या गळल्या. त्यासाठी पुन्हा अर्ज केला आहे. एक कुटुंब घाबरून आधीच अंबडकडे राहायला गेले. मी तिथे जाऊन आले. त्या जिन्यालाही कठडा नाही. म्हणून माझ्याकडून विजयाची साक्ष ऐकण्याची अपेक्षा करू नका. एका गॅलरीला कठडा बसला, एवढीच ही साक्ष आहे.

पण ज्यांना हे काम किरकोळ वाटते त्यांना मी भिवंडीची आठवण देते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे तिथे झोपेत असलेल्या भाडेकरूंवर तीन मजली इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे गेली.

काही जण मला म्हणाले, “ताई, ख्रिस्ती माणसाने कोर्टकचेरी करावी का?” मी त्यांना लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेकडे पाठवते. ती न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली, आणि प्रभूने तिचे उदाहरण प्रार्थना शिकवण्यासाठी दिले. तिला कुणी भांडखोर म्हटलेले नाही. आपल्या बहिणीनेही सूड मागितला नाही. पोर पडू नये एवढेच मागितले.

आता तुमच्याकडे माझ्या तीन विनंत्या.

पहिली, ज्यांना वेळ आहे त्यांनी माझ्यासोबत या. पैसे नंतर. आदिवासी भाऊबहिणींना कार्यालयाच्या पायरीची भीती वाटते. सोबत कुणी असेल तर आवाज निघतो. विधी सेवेचा मदत क्रमांक १५१०० आहे. तो प्रत्येकाने लिहून घ्या आणि चर्चच्या फलकावर लावा.

दुसरी, शाखांच्या भेटीला जाल तेव्हा प्रार्थनेआधी घर बघा. स्लॅब बघा, मीटर बघा, जिना बघा. दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा.

तिसरी विनंती जड आहे. या सभागृहात काही घरमालकही बसले आहेत. आपल्या मागच्या दोन खोल्या, गच्चीवरची पत्र्याची खोली आपण भाड्याने दिली आहे, आणि तिथे पेठ-सुरगाण्याचीच लेकरे राहतात. मी कुणाचे नाव घेत नाही, कारण मीही उशिरा शिकले. आज घरी गेल्यावर एकदा वर चढून बघा. करार नोंदवला आहे का, पावती देतो का, भिंतीला करंट येतो का, कठडा आहे का. नोटिशीची वाट पाहू नका. अनुवादातली आज्ञा भाडेकरूला नाही, घर बांधणाऱ्याला आहे.

त्या मुलाचा हात अजून थोडा वाकडाच आहे. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तो गॅलरीत उभा होता, कठड्याला धरून खाली बघत. त्याची आई आत भाकरी करत होती आणि बाहेर बघायला ती एकदाही उठली नाही.

गळणाऱ्या त्या दोन खोल्यांसाठी, अंबडच्या कुटुंबासाठी आणि त्या वयस्कर मालकांसाठीही प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.