आडवे झाड आणि कामावरचा माणूस
(समितीच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



विषय आपणांस थोडा वेगळा वाटेल. परंतु आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे रस्त्याच्या, पुलाच्या, इमारतीच्या कामावर जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही विद्यार्थीही जातात. म्हणून तो मुद्दाम निवडला आहे.

तुळजापूर-नागपूर महामार्ग लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर असा आपल्या भागातून जातो. त्याचे रुंदीकरण झाले तेव्हा कडेची जुनी झाडे आडवी झाली. झाडे गेल्याचे दुःख पुष्कळांनी बोलून दाखविले आणि ते योग्यच होते. ती झाडे तोडून ज्यांनी हलविली त्या माणसांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

झाड पडताना माणूस सावध असतो, लांब उभा राहतो. ते पडले की धोका संपला असे समजून सगळे एकदम जवळ येतात. खरा घात इथेच होतो. पडलेला बुंधा बहुधा जमिनीवर टेकलेला नसतो, तो स्वतःच्या फांद्यांवर तोललेला असतो. त्यातली एक फांदी तोडली की बुंधा घरंगळतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावावेत, आणि उतारावर काम असेल तर नेहमी वरच्या अंगाला उभे राहावे. दबून वाकलेली फांदी धनुष्यासारखी असते. ताणलेल्या बाजूने एकदम घाव घातला तर ती फाटून तोंडावर येते. जाणता कापणारा आधी दबलेल्या बाजूने थोडे कापतो, मग ताणलेल्या बाजूने, आणि स्वतः तिच्या झेपेच्या बाहेर राहतो. ज्याला हे शिकविलेले नाही त्याच्या हाती यंत्राची करवत देऊच नये.

वादळाने उन्मळलेल्या झाडाची गोष्ट आणखी निराळी. आपली काळी माती पावसात मऊ होते. त्यातच नालीसाठी किंवा पाइपसाठी एका बाजूची मुळे तोडलेली असली तर झाड मुळासकट येते. त्याचा बुंधा कापला की वजन कमी होऊन मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात कामगारांची मुले खेळताना मी पाहिली आहेत! एक झाड दुसऱ्यावर अडकले असेल तर त्याखालून कोणी जाऊच नये. जेसीबीने ओढताना तारदोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो. दोर जितका लांब, त्याहून जास्त अंतर ठेवावे. झाडाखाली विजेची तार असेल तर ती चालू आहे असेच धरावे. महावितरणला १९१२ वर कळवावे आणि वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत फांदीलाही हात लावू नये, कारण ओली फांदी वीज वाहून नेते.

माझ्या भगिनींना एक विनंती. झाड पडल्याचे कळताच आपण सरपणासाठी कोयता घेऊन धावतो. गॅसची टाकी भरणे परवडत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही तुकडे पाडून बाजूला रचेपर्यंत थांबावे. मुलाची झोळी तर त्या फांदीला कधीच बांधू नये.

आता माझ्या टेबलाची गोष्ट. झाडे तोडण्याचे काम गुत्तेदार अनेकदा लाकूडवाल्याला देतो आणि लाकूडवाला आपली माणसे आणतो. त्यांची नावे हजेरीपटावर नसतात. अपघात झाला की हा माणूस आमचा नव्हे असे दोघेही म्हणायला मोकळे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ साली आले. मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर १८ ते ६० वयाच्या कामगाराची तेथे नोंदणी होते. ती अपघाताआधी करावी लागते, नंतर नव्हे.

बँकेतही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख रुपये. हे पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप वजा होतात. नेमके तेव्हा खात्यात वीस रुपयेही नसलेली माणसे मला माहीत आहेत. नेमका वादळाचा महिनाही तोच. तेव्हा मे महिन्यात तेवढे पैसे खात्यात ठेवा, आणि पासबुक भरून घेताना ते वजा झाले की नाही हे आमच्यापैकी कोणालाही विचारा.