सॉफ्टवेअर मोजायचं कशात?

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. कापड मीटरमध्ये मोजतात, दूध लिटरमध्ये. मग ॲप कशात मोजायचं?

बरेच जण म्हणतील, कोडच्या ओळींमध्ये. तर आधी हा किस्सा ऐका. १९८२ मध्ये ॲपल कंपनीत 'लिसा' या कॉम्प्युटरचं काम चाललं होतं. मॅनेजर लोकांनी ठरवलं, प्रत्येक इंजिनिअरने दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायचं. बिल ॲटकिन्सन यांनी नेमका तेव्हाच आपल्या कोडचा एक भाग नव्याने लिहिला होता. तो आधीपेक्षा वेगाने चालत होता आणि सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर आकडा भरला: उणे २०००! काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे.

म्हणजे ओळी मोजल्या तर पाल्हाळ लावणारा हुशार ठरतो. आणि आता तर एआय मिनिटभरात शेकडो ओळी ओतून देतो!

यावर उत्तर शोधलं आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेख्त यांनी. १९७९ मध्ये त्यांनी 'फंक्शन पॉइंट' ही कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं, की कोड बघूच नका. वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर काय काय करून देतं, ते मोजा. पुढे यातून अनेक पद्धती निघाल्या. त्यातली 'कॉस्मिक' मला सगळ्यात सोपी वाटते. तिला आयएसओची मान्यता आहे.

कॉस्मिकमध्ये माहितीच्या फक्त चार हालचाली मोजतात. माहिती आत आली, बाहेर गेली, साठ्यातून वाचली, साठ्यात लिहिली. प्रत्येक हालचालीला एक पॉइंट. बस्स!

आता मेसच्या डब्याचं ॲप घ्या. काम एकच: 'उद्याचा डबा नको'. तुम्ही विनंती पाठवली, माहिती आत आली: एक. ॲपने तुमचं खातं वाचलं: दोन. डबा रद्द झाल्याची नोंद लिहिली: तीन. 'रद्द झाला' किंवा 'उशीर झाला' असा मेसेज तुम्हाला दिसला: चार. झाले चार पॉइंट. हे काम जावामध्ये लिहा नाहीतर पायथनमध्ये, आकार चारच राहतो.

आता खरी गंमत. क्लायंटचा फोन येतो, "अरे, मेसवाल्या काकूंनापण मेसेज जाऊ दे की. एवढंसंच तर आहे!" फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना हे वाक्य पाठ असेल. मी स्वतः हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, सरळ मोजून दाखवतो. आणखी एक माहिती बाहेर गेली, चाराचे पाच झाले. म्हणजे या कामाचा आकार पंचवीस टक्क्यांनी वाढला. अशी दहा 'एवढीशी' कामं जमली की तुमच्या रात्री जातात, आणि बिल तेवढंच राहतं. मोजमाप असलं की बोलणं भावनेवर राहत नाही, आकड्यावर येतं.

अंदाज कसा बांधायचा? समजा, तुमचं मागचं ॲप ६० पॉइंटचं होतं आणि १२० तास लागले. म्हणजे पॉइंटला दोन तास. तशाच प्रकारचं नवं ॲप ९० पॉइंटचं असेल, तर साधारण १८० तास धरा. पण हा दर तुमच्या स्वतःच्या कामातून काढा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

आणि हो, हे सगळं मोजत नाही. बटणाचा रंग बदलला तर शून्य पॉइंट, पण वेळ तर जातोच. सुरक्षितता, वेग, किचकट गणितं यांची मेहनतही या आकड्यात धड दिसत नाही. ती वेगळी मांडायची. आकार म्हणजे मेहनत नव्हे. घर किती चौरस फूट आहे ते कळलं, तरी फरशी कुठली घालायची त्यावर खर्च बदलतोच ना!

तर आजचा गृहपाठ: फोनमधलं कुठलंही ॲप उघडा, एकच काम निवडा आणि त्या चार हालचाली बोटांवर मोजा. आकडा किती आला ते मला नक्की कळवा. आणि पुढच्या वेळी कोणी "एवढंसंच तर आहे" म्हणालं, की हसून विचारा, "किती पॉइंट?"

भेटू पुढच्या भागात!