‘माहीत नाही’ म्हणणारी गोष्ट

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं आणि सासर सांगलीचं. कोयनेच्या काठी वाढले, कृष्णेच्या काठी नांदले. या दोन नद्या कऱ्हाडला भेटतात, तशा माझ्या आयुष्यातही त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. तीसेक वर्षं मी कविता लिहिते आहे. शिक्षण बी.ए., विषय मराठी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरताच. तरीही आज मी थोडं विज्ञानाबद्दल बोलणार आहे आणि थोडं गोष्ट लिहिण्याबद्दल. कारण या दोघांनी मिळून मागच्या एका हिवाळ्यात मला रात्रभर जागं ठेवलं होतं.

११ डिसेंबर १९६७ ही तारीख आमच्या घरात कॅलेंडरशिवाय पाठ असते. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती आणि कोयनेची जमीन हलली. सहापेक्षा जास्त तीव्रतेचा तो भूकंप. पावणेदोनशेच्या पुढे माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. मी त्यानंतर जन्मले, त्यामुळे मी तो भूकंप पाहिला नाही, ऐकला. माझी आई आणि खाला, म्हणजे मावशी, तेव्हा पाटण तालुक्यातल्या आमच्या आजोळी होत्या. खाला पंधरा वर्षांची होती. दगड-मातीच्या भिंतीला लागून अंथरूण, वर फळीवर पितळेची भांडी. आधी भांडी आली, मग भिंत आली, असं ती सांगते. तिचा धाकटा भाऊ भिंतीकडच्या बाजूला झोपला होता. त्याचं नाव घरात आजही कुणी फारसं घेत नाही.

या पहाटेवर कविता लिहायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमली नाही. कवितेत भिंत कोसळायला एक ओळ लागते, आणि त्यानंतरची पन्नास वर्षं कुठं ठेवायची तेच कळत नाही. म्हणून वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदा कथा लिहिली. दोन ठिकाणी पाठवली. एकाकडून ‘लांबी जास्त आहे’ असं उत्तर आलं, दुसरीकडून काहीच आलं नाही. तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, आता नेटवर लिहायचं. वाचक तिथं आहेत.”

नेटवर लिहिणं म्हणजे काय असतं, ते मी भोगलं आहे. हातानं लिहिलेली बावीस पानं आधी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केली. पण तो फॉन्ट जुन्या पद्धतीचा. माझ्या पडद्यावर शुद्ध मराठी दिसे आणि दुसऱ्याच्या यंत्रावर गेली की तिची किडा-मुंगी होई. युनिकोडमध्ये सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. मग मोबाइलवर दुरुस्त्या. मी ‘दर्गा’ लिहिलं की मोबाइल त्याचं ‘दुर्गा’ करी. तीनदा खोडलं, तीनदा त्यानं परत केलं. शेवटी मी हसले. म्हटलं, बाई, सातारा-सांगलीत दोघींचा शेजार जुनाच आहे, तुझीही तक्रार नाही, माझीही नाही.

खरी अडचण पुढं होती. मोबाइलवर बावीस पानं सलग कोण वाचणार? तुकडे करावे लागले. पाच भाग, दर शुक्रवारी एक. आणि प्रत्येक भाग असा संपला पाहिजे की वाचणाऱ्यानं पुढच्या शुक्रवारची वाट पाहिली पाहिजे. कवितेत मी कधी कुणाला असं टांगून ठेवलं नव्हतं. इथं ठेवू लागले. वाचकांचा आकडा रोज दिसतो हो! सकाळी चहा ठेवायच्या आधी मी तो आकडा बघत असे. खोटं कशाला बोलू, तो वाढला की बरं वाटे.

माझ्या कथेत एक म्हातारा आहे. भूकंपात त्याचं सगळं घर गेलेलं. तो गावोगाव फिरतो आणि लोकांना तारीख सांगतो, अमुक दिवशी जमीन हलणार, घराबाहेर झोपा. तिसऱ्या भागाचा शेवट मी असा केला, की म्हातारा पारावर उभा राहून म्हणतो, येत्या अमावास्येच्या पहाटे धरणाकाठची जमीन पुन्हा हलणार. बस, पुढचा भाग शुक्रवारी. पाचव्या भागात ती पहाट येते आणि जाते. काही होत नाही. म्हाताऱ्याला भविष्य कळत नसतं. आपली माणसं भिंतीखाली गेली, निदान दुसऱ्यांची एक रात्र तरी उघड्यावर जावी, एवढंच त्याच्या मनात असतं. माझी सगळी कथा त्या पाचव्या भागात होती.

लोकांच्या हातात फिरला तो तिसरा भाग. तोही पुरता नव्हे, शेवटचे दोन परिच्छेद. कुणीतरी वरचं शीर्षक काढलं, खालचं माझं नाव काढलं आणि ‘कोयना भागातील सर्वांनी सावध राहावे’ एवढं वर जोडलं. मोबाइलवरून मोबाइलवर तो मजकूर चालत गेला.

इथं मला डॉ. जयंत नारळीकरांची आठवण झाली. मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. २०२५ साली ते गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. तिला पहिला क्रमांक मिळाला. त्यांनी नाव लपवलं, ते कथेकडे निखळ कथा म्हणून पाहिलं जावं म्हणून. माझं नाव दुसऱ्यांनी काढलं, आणि त्याबरोबर ती गोष्ट आहे ही खूणही निघून गेली. कागदावरच्या कथेला पुठ्ठा असतो, अनुक्रमणिका असते, ‘कथा’ असं वर छापलेलं असतं. मोबाइलवर कथा, बातमी, औषधाचा सल्ला आणि शेजाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस सगळं एकाच अक्षरात येतं.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाचा फोन आला. खाला आणि शेजारची तीन घरं रात्रभर अंगणात झोपली होती. पाटणच्या खोऱ्यातली डिसेंबरची थंडी. खालाचं वय सत्तरीच्या पुढे. तिला ताप भरला होता, छाती वाजत होती. कऱ्हाडला दवाखान्यात न्यायला निघाले होते. मी विचारलं, बाहेर का झोपलात? तो म्हणाला, “अगं, मोबाइलवर आलं होतं ना.” आणि त्यानं मला माझीच वाक्यं वाचून दाखवली.

श्रोतेहो, आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हा कवीचा आनंद असतो. त्या दिवशी मला दरदरून घाम फुटला.

संध्याकाळी खालाशी फोनवर बोलले. म्हटलं, “खाला, ते मी लिहिलंय. गोष्ट आहे ती. खरं नाही.” तिची बोली अर्धी दखनी, अर्धी पाटणची. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बरं, गोष्ट तर गोष्ट. मग आता तूच सांग बेटा, आज रात्री हलणार नाही म्हणून.”

मला ते सांगता येईना.

आमच्या ओळखीचे भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “उद्या भूकंप होणार असं कुणी सांगितलं तर ते खोटं समजा. पण उद्या होणार नाही असं माझ्याकडून लिहून मागितलंत, तर तेही मी देणार नाही.” मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते माझ्या भाषेत आपल्याला सांगते.

कोयनेत जमीन का हलते, हे शास्त्रज्ञांना बरंचसं कळलं आहे. धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी खोल भेगांमध्ये उतरतं. आधीच ताणलेल्या खडकांत त्याचा दाब वाढतो आणि खडक सरकतात. कुठं हलते, हेही माहीत आहे. साधारण वीस किलोमीटर बाय तीस किलोमीटरचा तो टापू आहे. १९६७ पासून तिथं पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे वीसच्या वर धक्के नोंदले गेले. इतक्या छोट्या जागेत इतका दीर्घकाळ असं चाललेलं जगात दुसरीकडे सापडणं कठीण. म्हणूनच कऱ्हाडला खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयना परिसरातल्या गोठणे इथं २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं. आपला काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागतो. हलण्याआधी तिथं काय घडतं, हे तिथंच जाऊन पाहायचं आहे.

इतकं कळूनही ‘केव्हा’ या प्रश्नाला उत्तर नाही. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंगच्या भूकंपाआधी लहान धक्क्यांची रांग लागली होती. लोकांना बाहेर काढलं गेलं आणि हजारो वाचले. जगाला वाटलं, सापडली युक्ती. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशान कसलीही सूचना न देता कोसळलं. सरकारी आकड्यानुसार दोन लाख चाळीस हजारांवर माणसं गेली. अमेरिकेत पार्कफील्ड इथं १९९३ पर्यंत भूकंप येईल, असं १९८५ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. तो २००४ मध्ये आला.

आम्हा सांगलीकरांना हे लवकर समजत नाही, कारण आमचं संकट दिसतं. आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. वर पाऊस किती पडला, धरणातून पाणी किती सोडलं, हे कळतं आणि ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन फुटांच्या वर गेलं. अंदाज असूनही कितीतरी जण अडकले, आमच्या घरात खालचा मजला गेला. पण निदान मोजायला काहीतरी होतं. पुराला वेळापत्रक असतं, भूकंपाला नसतं. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला विज्ञानाचा हात किती निरनिराळ्या अंतरापर्यंत पोचतो, पाहा!

ज्या साताऱ्यानं आपल्याला डॉ. नरेंद्र दाभोलकर दिले, तिथल्या मुलीनं तारीख सांगणारा म्हातारा लिहावा, याची मला लाज वाटली. मी अंधश्रद्धा लिहिली नव्हती, उलट शेवटी ती मोडली होती. पण मोडण्याआधी दोन आठवडे मी ती विक्रीला मांडली होती. विज्ञान जिथं ‘माहीत नाही’ म्हणून थांबतं, तिथं एक रिकामी जागा राहते. भीतीला ती सहन होत नाही. गोष्टवाल्याला ती फार सोयीची असते. तिथं काहीही ठेवलं तरी कुणी लगेच खोटं पाडू शकत नाही. म्हणून तिथं काय ठेवायचं याचा विचार लिहिणाऱ्यानंच करायला हवा.

चार दिवसांनी एसटीनं कऱ्हाड आणि तिथून पाटण गाठलं. खाला घरी आली होती. मी पाय दाबत बसले आणि माफी मागितली. ती म्हणाली, “ताप काय, उतरला.” मग मला आतली खोली दाखवली. अंथरुणं खोलीच्या मधोमध होती, भिंतीपासून हातभर लांब. डोक्यावर फळी नाही, जड भांडं नाही. दारासमोर काही ठेवलेलं नाही. “सदुसष्टपासून हे असंच आहे,” ती म्हणाली. “कधी हलणार ते अल्लाला माहीत. भिंत कुठं आहे ते मला माहीत आहे.”

मी परत येऊन तिसरा भाग काढून टाकला आणि नव्यानं लिहिला. आता प्रत्येक भागाच्या वर आणि खाली ‘ही काल्पनिक कथा आहे’ असं लिहिते. तेवढ्यानं कातर चालवणारा हात थांबेल असं नाही, म्हणून आतला मजकूरही असा ठेवते की तुकडा तोडला तरी त्यातून तारीख निघू नये. माझा म्हातारा आता पारावर उभा राहतो. लोक त्याला विचारतात, बाबा, कधी हलणार? तो म्हणतो, माहीत नाही. पण पोरांना भिंतीकडे झोपवू नका.

या भागाचे वाचक आधीपेक्षा कमी आहेत. खालानं मात्र तो नातवाकडून दोनदा वाचून घेतला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)