गळ, नदी आणि वही

बंगळूर शहराला स्वतःची अशी मोठी नदी नाही. पठाराच्या माथ्यावर वसलेल्या ह्या नगराने तळी बांधली, त्यांतील पुष्कळशी पुढे बुजविली, आणि तहान भागविण्यासाठी अखेर शंभरेक किलोमीटरांवरील कावेरीपुढे हात पसरला. 1974 पासून तिचे पाणी पंपांच्या बळावर टप्प्याटप्प्याने चढवून शहरात आणले जात आहे. तेथील मूल रोज सकाळी कावेरीच्याच पाण्याने तोंड धुते. पण कावेरी कोठे आहे असे विचारले, तर ते भिंतीवरील नकाशाकडे बोट दाखविते. असा एखादा दहा-बारा वर्षांचा मुलगा सुटीत मामापाशी हट्ट धरतो, ‘मामा, मला नदीवर ने आणि मासे धरायला शिकव.’ हट्ट तसा लहानच. परंतु तो पुरविताना काय काय शिकवावे लागते, हे पाहण्याजोगे आहे.

जाणता मामा पहिल्या दिवशी मुलाच्या हाती गळ देतच नाही. तो त्याला काठावर बसवितो आणि पाण्याकडे पाहावयास सांगतो. प्रवाह खडकावर आपटून कोठे वळतो, त्या वळणामागे संथ डोह कोठे पडतो, फेसाची रेघ कोणत्या बाजूने वाहत जाते, ह्या गोष्टी डोळ्यांत भरल्यावाचून गळ टाकणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. मासा वाहत्या पाण्यात विनाकारण झुंजत राहत नाही. तो प्रवाहाच्या कडेला, खडकाच्या आडोशाला थांबतो आणि पाणी जे वाहून आणील ते टिपतो. त्याचे हे घर मुलाला काठावरूनच ओळखता आले पाहिजे.

त्याच दिवशी दुसरा धडा द्यावयाचा असतो, तो भयाचा. कावेरीवर धरणे आहेत, आणि शिवनसमुद्र येथे तर 1902 पासून विजेचे केंद्र चालू आहे. वरून पाणी सुटले की खालचा कोरडा खडक पाहता पाहता बुडतो. म्हणून मामा पाण्याच्या कडेला एक काडी रोवतो. काडीचा पाय भिजला, पाणी गढूळले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की सामान तेथेच टाकून वर यावयाचे, असा त्याचा दंडक असतो. मेकेदाटूच्या निसरड्या खडकांनी अनेक तरुणांचे बळी घेतले आहेत, आणि नदीच्या काही भागांत मगरीही आहेत. नदीचे भय ज्याला वाटत नाही, त्याने तिच्याकडे नीट पाहिलेलेच नसते.

मग साहित्य येते. नवशिक्याला हलकी काठी, साधे रीळ, बेताची दोरी, शिशाचे छोटे वजन, एक तरंगता बूच आणि लहान गळ एवढे पुरे होते. आमिषाला नाचणीच्या शिजविलेल्या पिठाची गोळी उत्तम. कर्नाटकातील घराघरांत जिचे मुद्दे होतात, तीच नाचणी कावेरीतील मोठ्या माशांनाही प्रिय आहे. दोरी ओली करूनच गाठ आवळावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने दोरीला दुबळी करते. दोरी फेकण्यापूर्वी मागे कोणी उभे नाही ना, हे पाहावे. गळाच्या टोकामागे जे उलटे काट असते, ते पकडीने चेपून टाकावे. त्यामुळे एखादा मासा निसटेल खरा. पण माशाच्या जबड्यातून आणि क्वचित मुलाच्या बोटातूनही गळ सहज काढता येईल.

पहिला मासा बहुधा चिलापी असतो. बाहेरदेशांतून आलेला हा मासा तळ्यांत व नद्यांत इतका माजला आहे की, तो घरी नेऊन कालवणात टाकण्यास मुळीच हरकत नाही. मात्र तो झटपट मारावा, तडफडत ठेवू नये. खाण्यासाठी मारणे आणि खेळ म्हणून हाल करणे ह्यांतील अंतर मुलाला त्या क्षणी जेवढे कळते, तेवढे पुढे शंभर उपदेशांनीही कळत नाही.

तथापि कावेरीचे नाव ज्या माशामुळे जगभरच्या गळकऱ्यांच्या तोंडी झाले, तो निराळा. तो महसीर. तिचा खास महसीर पाठीवर कुबड असलेला, परांत केशरी झाक मिरविणारा असतो. 1946 मध्ये म्हैसूर भागात 120 पौंडांचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. पुढे सुरुंगाची दारू फोडून मासे मारण्याचा प्रकार वाढला, तेव्हा बंगळूरच्या काही गळकऱ्यांनी नदीचे पट्टे राखले. भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमाकळी येथे तळ उभे राहिले. गावची माणसे, त्यांत पूर्वी चोरून मासे मारणारेही होते, वाटाडे आणि राखणदार झाली. मासा धरावा, वजन करावे, वहीत नोंदवावा आणि पाण्यात परत सोडावा, असा तेथील नियम होता.

ह्या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. आपल्याकडील महसीर निळसर परांचा. कर्नल साइक्स ह्यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ह्या माशाचे वर्णन करून त्याला ‘खुदरी’ हे नाव दिले. हा मासा कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत तलावांवर त्याच्या कृत्रिम पैदाशीचे काम झाले, आणि सी. व्ही. कुलकर्णी ह्यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांनी त्यात पुढाकार घेतला. प्रयोग यशस्वी ठरला. लाखांनी पिले तयार झाली, दूरदूरच्या नद्यांना देण्यात आली, आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू निर्मळ होता. महसीर वाढावा, एवढेच सर्वांना हवे होते.

महसीर वाढलाही. पण कोणता? ह्याचे उत्तर सरकारी दप्तरात सापडले नाही; ते गलिबोरे येथील गळकऱ्यांच्या नोंदींत सापडले. 1998 ते 2012 ह्या काळात तेथे धरून सोडलेल्या 6,000 हून अधिक माशांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण मासे वाढले होते. पण ते निळ्या परांचे होते. कुबडाचा मूळ रहिवासी वर्षागणिक विरळ होत गेला होता. नदी भरलेली दिसत होती, म्हणून कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते. ह्या माशाला शास्त्रीय नावदेखील नीटसे नव्हते. 2018 मध्ये ‘टोर रेमादेवीआय’ ही त्याची ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. नाव मिळाले ते मरणपंथाला लागल्यावर.

अभयारण्यातील गळाची मासेमारी मध्यंतरी वन्य जीव कायद्याच्या आधारे थांबविण्यात आली. गळकरी म्हणतात, आम्ही गेलो आणि नदीवरचा पहारा गेला. दुसरा पक्ष म्हणतो, अभयारण्यात प्राण्याच्या तोंडात लोखंड अडकविणे हा संरक्षणाचा मार्ग कसा? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि शिकविणाऱ्याने दोन्ही बाजू मुलापुढे ठेवाव्यात. पण कायदा मात्र पाळावा. अभयारण्याच्या बाहेर, परवानगी असेल तेथेच, लागेल तो परवाना काढून गळ टाकावा.

आणि चुकून महसीर लागलाच, तर? हात आधी ओले करावेत. मासा पाण्याबाहेर काढू नये. तेथल्या तेथे गळ सोडवावा आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हलकेच हात धरून थांबावे. कल्ले उघडमिट करू लागतात, शेपूट हलते, आणि मग तो आपल्या बळाने निघून जातो. त्याला ढकलावयाचे नसते. रिकाम्या तळव्यांकडे पाहणाऱ्या मुलाचा चेहरा पडतो, तेव्हा मामाने त्याच्यापुढे वही धरावी. तारीख, जागा, पाण्याचा रंग, माशाची लांबी, परांचा रंग, पाठीला कुबड होते की नव्हते, हे सारे त्याने लिहावे. काही लागले नाही, तर तेही लिहावे, कारण रिकाम्या दिवसांची नोंद नसेल तर भरल्या दिवसांचा अर्थ लागत नाही.

थोरामोठ्यांनी सद्‌हेतूने केलेली चूक अशाच नोंदींनी उघडकीस आणली होती. संध्याकाळी मुलगा बंगळूरला परततो, हातपाय धुण्यासाठी नळ सोडतो, आणि क्षणभर पाण्याकडे पाहत राहतो. दुपारी ज्या नदीच्या काठी बसून त्याने वहीत चार ओळी लिहिल्या, तिचेच पाणी आता त्याच्या हातावरून वाहत असते.