गहाळ पानें आणि काळाचें घड्याळ

अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२ मध्यें, अर्थात् १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें तिच्या नकलांवरून नकला झाल्या. एकाच्या हातून अक्षर चुकलें कीं पुढला तीच चूक उतरून घेई. पाठ असे बिघडले, म्हणूनच एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळल्यास त्यांचें मूळ एक असावें, असें अनुमान निघतें.

सजीवांची वंशावळ याच न्यायानें लागते. आनुवंशिक द्रव्याचीं चार अक्षरें पिढ्यान्‌पिढ्या उतरलीं जातात व क्वचित् बदलतात. हे बदल साधारण ठराविक गतीनें सांचतात, म्हणून त्यांवरून काळ मोजतां येईल, असा विचार झुकरकांडल व पॉलिंग यांनीं १९६२ च्या सुमारास मांडला. पोथीवर जसा नकलेचा शक, तशी नमुन्यावर तारीख असली म्हणजे हें घड्याळ लावतां येतें.

परंतु पोथीचीं पानें गहाळ असतात, तशीं नमुन्यांतील कांहीं अक्षरें वाचतांच येत नाहींत. तेथें मूळचेंच अक्षर कल्पून भरलें, तर झालेले बदल लपतात व घड्याळ मंद भासतें. उलट, रिकामी जागा हाच एक बदल मानला, तर तें भरधांव सुटतें. फेल्सनस्टाईन यांच्या १९८१ च्या गणितरीतीनें अशा जागीं चारही अक्षरें शक्य मानतां येतात. मग ती जागा कोणत्याच बाजूनें साक्ष देत नाहीं. निर्णय उरलेल्या अक्षरांवर होतो. पुरावा थोडा असला, तर काळाची मर्यादा तितकी रुंद होते. 'बीस्ट' या संगणक-प्रणालींत शाखेगणिक निराळी गति धरण्याची, तसेंच नमुन्याची तारीख अज्ञात असल्यास तिचाही अंदाज घेण्याची सोय आहे.

एक धोका मात्र उरतो. पोथीचीं पहिलीं व शेवटचीं पानें अधिक झिजतात. विषाणूंतही कधीं कधीं बदल झाल्यामुळेंच तो भाग चांचणींत निसटतो. अशी उणीव निव्वळ योगायोगाची नसते.

करोनाच्या डेल्टा प्रकाराचे सर्वांत आधीचे नोंदलेले नमुने ऑक्टोबर २०२० मधील, भारतांतीलच होत. असा रोग नजरेस येण्यापूर्वीं किती दिवस पसरत होता, हें अशाच घड्याळावरून काढतात. कोरी जागा अंदाजानें भरली, तर साथीचा आरंभच चुकीच्या महिन्यांत पडेल.